पानातील अर्थ कोणी वाचावा?

साधी सूचना वाचतानादेखील माणूस कितीतरी गोष्टी न सांगता समजून घेतो. समजा, एखाद्या संगीत मंडळाने आपल्या संकेतस्थळावर अशी सूचना दिली आहे की, ५/६ रोजी सायंकाळी साडेसहा वाजता नगरभवनात सतारवादन होईल. भारतातील वाचकाच्या मनात ही ओळ वाचताच ५ जून ही तारीख उभी राहते. अमेरिकेतील वाचक त्याच अंकांतून ६ मे ही तारीख घेतो, कारण तेथे महिना आधी लिहिण्याची प्रथा आहे. साडेसहा म्हणजे सहा वाजून तीस मिनिटे, नगरभवन हे स्थळाचे नाव आणि सतारवादन हे कार्यक्रमाचे, हे सर्व वाचक स्वतःच्या अनुभवावरून ठरवतो. संगणकाजवळ असा अनुभव नसतो. त्याच्या दृष्टीने ती केवळ अक्षरांची एक रांग असते.

महाजालावरील पाने ज्या खूणभाषेत लिहिली जातात तिला एचटीएमएल असे म्हणतात. ही भाषा ब्राउझरला, म्हणजे पान आणून पडद्यावर मांडणाऱ्या कार्यक्रमाला, सांगते की ही ओळ शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, येथे चित्र ठेवावे, या शब्दांवर दुसऱ्या पानाचा दुवा आहे. पानाची रचना तिच्यामुळे कळते. परंतु ‘५/६’ ही तारीख आहे, पाच षष्ठांश हा अपूर्णांक आहे की घराचा क्रमांक आहे, हे तिच्यातून कळत नाही. पानाच्या मजकुरातच यंत्राला समजतील अशा खुणा पेरून हा अर्थ स्पष्ट करण्याच्या पद्धतीला संरचित माहिती असे नाव आहे.

असा अर्थ पानात नोंदवता येतो याविषयी फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो पुढच्या प्रश्नाविषयी. नोंदवलेला अर्थ वाचणार कोण? वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर चालणारा ब्राउझर की दूरवरची एखादी शोधसंस्था? २००८ पासून काही वर्षे या प्रश्नावर महाजालाची प्रमाणके ठरवणाऱ्या मंडळींत मोठा वाद झाला. वादाचे शब्द तांत्रिक होते. त्याचा परिणाम मात्र आज महाजाल वापरणाऱ्या प्रत्येकाला जाणवतो.

अर्थ नोंदवण्याचे प्रयत्न

वस्तूबरोबर तिची ओळखही ठेवावी हा विचार संगणकापेक्षा जुना आहे. ग्रंथालयातील तालिकापत्रावर लेखक, शीर्षक, विषय व प्रकाशनवर्ष या गोष्टी ठरावीक जागी लिहिलेल्या असतात, म्हणून हजारो ग्रंथांतून हवा तो ग्रंथ काढता येतो. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात याच्या पुढचे पाऊल टाकले होते. ग्रंथाच्या विषयाचे निरनिराळे पैलू सुटे करून, ते ठरावीक चिन्हांनी जोडून त्याचा क्रमांक बनवण्याची ती रीत होती. मात्र तालिकापत्र ग्रंथपाल लिहितो आणि ग्रंथाची थोरवी वाढवून सांगण्यात त्याचा काही लाभ नसतो. महाजालावरील पानाचे तालिकापत्र पानाचा मालकच लिहितो. या एका फरकातून पुढील अनेक अडचणी निर्माण झाल्या.

पहिली अडचण १९९० नंतरच्या दशकातच दिसून आली. पानाच्या माथ्याशी, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, त्या पानाचे विषयशब्द लिहिण्याची सोय एचटीएमएलमध्ये होती. शोधयंत्रांनी त्या शब्दांवर विसंबून पाने निवडावीत अशी अपेक्षा होती. परंतु ग्राहक ओढण्यासाठी मालकांनी पानाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द तेथे भरण्यास सुरुवात केली आणि ती नोंद विश्वासाला अपात्र ठरली. आपण पानांचा क्रम लावताना हे शब्द विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर रीतीने स्पष्ट केले. जी नोंद वाचकाला दिसत नाही तिच्यात खोटेपणा लवकर शिरतो, आणि खोटेपणा नसला तरी ती जुनी होऊन पडते, हा धडा अनेकांच्या मनावर ठसला.

दुसरा प्रयत्न अधिक व्यापक होता. भारतात जन्मलेले आणि मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले संगणकशास्त्रज्ञ रामनाथन गुहा यांनी अ‍ॅपल कंपनीत असताना, माहितीविषयीची माहिती लिहिण्याची एक पद्धत तयार केली होती. १९९७ मध्ये ते नेटस्केप या त्या काळच्या प्रमुख ब्राउझर कंपनीत आले. तेथे टिम ब्रे यांच्या सहकार्याने त्यांनी ती पद्धत पुढे नेली. महाजालाची प्रमाणके ठरवणारी संस्था, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, हिने १९९९ मध्ये आरडीएफ नावाची जी पद्धत मान्य केली, तिच्या उगमांपैकी हा एक होता. आरडीएफमध्ये प्रत्येक विधानाचे तीन भाग केले जातात: ज्याविषयी बोलायचे ती वस्तू, तिचा गुण किंवा संबंध, आणि त्या गुणाचे मूल्य. ‘ही सभा’, ‘आरंभकाळ’, ‘५ जून, सायंकाळी ६.३०’ असे ते विधान होते. वस्तू आणि संबंध यांना महाजालावरील पत्त्यासारखी नावे दिली जातात, त्यामुळे जगात कोठेही लिहिलेली विधाने एकमेकांना जोडता येतात. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांच्यासह २००१ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात लिहिलेल्या लेखात, यंत्रांनाही अर्थ कळणाऱ्या महाजालाचे जे चित्र रंगवले त्याचा पाया हाच होता.

हे चित्र आकर्षक असले तरी सामान्य पाने लिहिणाऱ्यांना आरडीएफ अवघड वाटत असे. म्हणून २००५ मध्ये काही मंडळींनी मायक्रोफॉरमॅट्स या नावाने साधा मार्ग सुचवला. एचटीएमएलमध्ये आधीपासून उपलब्ध असलेल्या जागांतच ठरावीक शब्द लिहावेत, म्हणजे व्यक्तीचा पत्ता किंवा कार्यक्रमाची वेळ यंत्राला ओळखता येईल, अशी ती योजना होती. नवी भाषा शिकण्याची आवश्यकता नव्हती आणि दिसणाऱ्या मजकुरावरच खूण केली जात असल्याने लपवाछपवीला वाव कमी होता. परंतु जुन्या जागा नव्या कामासाठी वापरण्याची किंमत द्यावी लागली. यंत्रासाठी लिहिलेली तारीख संक्षेपाच्या खुणेत ठेवली जात असे, आणि अंध वाचकांना पान वाचून दाखविणारे काही कार्यक्रम ती अंकमालिका मोठ्याने वाचत. या कारणासाठी बीबीसीने २००८ च्या जूनमध्ये आपल्या कार्यक्रमांच्या पानांवरून ही खूण काढून टाकली. यंत्राची सोय पाहताना माणसाची गैरसोय होऊ शकते याचे हे स्पष्ट उदाहरण होते.

ब्राउझरने काय करावे?

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये कन्सॉर्शियमने आरडीएफए या प्रमाणकाची शिफारस केली. आरडीएफमधील विधाने वेगळ्या ठिकाणी न लिहिता पानातील दिसणाऱ्या मजकुरालाच गुणविशेषांच्या रूपाने जोडावीत, असे त्याचे स्वरूप होते. मात्र ही शिफारस एक्सएचटीएमएल या एचटीएमएलच्या कडक शिस्तीच्या भावंडासाठी होती, आणि प्रत्यक्षात बहुसंख्य पाने साध्या एचटीएमएलमध्येच लिहिली जात होती. एचटीएमएलची पाचवी आवृत्ती तेव्हा तयार होत होती. तिचा मसुदा ब्राउझर बनवणाऱ्यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये स्थापन झालेला व्हॉटडब्ल्यूजी हा गट तयार करीत होता आणि इअन हिक्सन हे त्याचे संपादक होते. आरडीएफएला या आवृत्तीत स्थान मिळावे, अशी मागणी २००८ मध्ये पुढे आली आणि वादाला तोंड फुटले.

मागणी करणाऱ्यांत क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे बेन अडीडा हे एक प्रमुख होते. लेखक, छायाचित्रकार व संगीतकार यांना आपली कृती इतरांनी कोणत्या अटींवर वापरावी हे सांगता यावे, म्हणून या संस्थेने २००२ च्या डिसेंबरमध्ये सुलभ परवाने प्रसिद्ध केले. परवाना यंत्रालाही कळावा अशी तिची प्रथमपासून इच्छा होती. सुरुवातीला त्यासाठीची आरडीएफ विधाने पानातील टिप्पणीच्या जागेत लिहिली जात. परंतु ब्राउझर टिप्पणीकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे ती विधाने असून नसल्यासारखीच होती. आरडीएफएमुळे परवान्याचा दिसणारा दुवाच यंत्रासाठीचे विधान बनू शकत होता. एका पानावर दहा छायाचित्रे असतील आणि त्यांपैकी तीनच मुक्त परवान्याची असतील, तर कोणती तीन हेही नेमके सांगता येत होते.

समर्थकांच्या डोळ्यांसमोर असे चित्र होते की, हे सर्व ब्राउझर स्वतः वाचील. छायाचित्रावर बोट ठेवताच त्याचा परवाना दिसेल. संगीतसभेच्या सूचनेतील वेळ एका कळीने वाचकाच्या दिनदर्शिकेत उतरेल. दुकानाचा पत्ता नकाशाकडे आणि माणसाचा दूरध्वनी क्रमांक वाचकाच्या पत्तेवहीत जाईल. ही केवळ कल्पना नव्हती. फायरफॉक्स ब्राउझरला जोडता येणारा ऑपरेटर नावाचा कार्यक्रम २००६ च्या अखेरीपासून अशी कामे करून दाखवत होता. २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत मायक्रोफॉरमॅट्स वाचण्याची सोय आतून दिलेली होती, मात्र ती जोडकार्यक्रमांसाठी होती. सामान्य वाचकाला पडद्यावर तिचे कोणतेही चिन्ह दिसत नसे.

या चित्राचा गाभा असा होता की, अर्थ वाचण्याचे काम वाचकाच्या संगणकावर, त्याच्या आज्ञेने आणि त्याच्यासाठी व्हावे. त्याने कोणती सभा पाहिली, कोणाचा पत्ता टिपून घेतला, हे तिसऱ्या कोणास कळण्याचे कारण नव्हते.

आक्षेप आणि उत्तरे

हिक्सन यांचा पहिला प्रश्न सरळ होता: यातून नेमक्या कोणत्या वाचकाची कोणती अडचण दूर होणार आहे? ब्राउझरमध्ये एखादी सोय एकदा घातली की ती सहसा काढता येत नाही, कारण तिच्यावर विसंबून लिहिलेली पाने मोडतात. तिची चाचणी, तिची सुरक्षितता आणि दुरुस्ती यांचा भार कायमचा पडतो. म्हणून आधी अडचणींची यादी द्यावी, मग उपायाचा विचार करावा, अशी त्यांची भूमिका होती. समर्थकांना ही अट अन्यायाची वाटली. दुव्यांनी जोडलेल्या पानांचे महाजाल निर्माण होण्यापूर्वी त्याचे सर्व उपयोग कोणी सांगू शकले नसते. पायाभूत सोय आधी होते आणि उपयोग मागाहून सुचतात, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा आक्षेप लिहिणाऱ्यांच्या चुकांविषयी होता. आरडीएफएमध्ये लांब नावांऐवजी लहान उपसर्ग वापरले जात आणि कोणता उपसर्ग कोणत्या शब्दसंचासाठी आहे हे पानाच्या वरच्या भागात जाहीर करावे लागे. सामान्य लेखक मात्र दुसऱ्याच्या पानावरील तुकडा उचलून आपल्या पानात चिकटवतो. उचललेल्या तुकड्याबरोबर वरची जाहीर नोंद येत नाही आणि मग उपसर्ग निरर्थक ठरतो. शिवाय उपसर्ग जाहीर करण्याची जी रीत एक्सएचटीएमएलमध्ये होती तिचा अर्थ एचटीएमएल वाचताना ब्राउझर निराळा लावीत, त्यामुळे एकच पान दोन पद्धतींनी वाचल्यास दोन निष्कर्ष निघण्याची शक्यता होती. हा आक्षेप वजनदार होता. समर्थकांनाही पुढे आपल्या पद्धतीत सुधारणा करावी लागली.

तिसरा आक्षेप विश्वासाविषयी होता. विषयशब्दांचा अनुभव ताजा होता. मालकाने लिहिलेला अर्थ ब्राउझरने खरा मानून वाचकापुढे ठेवला आणि तो खोटा निघाला, तर दोष कोणाचा? शोधयंत्राजवळ असंख्य पाने असतात. ते एका पानाची दुसऱ्याशी तुलना करून खोटेपणा हेरू शकते आणि त्याला शिक्षाही करू शकते. एका पानापुरते पाहणाऱ्या ब्राउझरजवळ हे साधन नाही. यावर समर्थकांचे उत्तर असे होते की, दिसणाऱ्या मजकुरावरच खूण केलेली असल्यामुळे वाचक स्वतः ती तपासू शकतो, आणि पानाच्या मालकाने खोटी तारीख अक्षरांत लिहिली तरी वाचक फसतोच.

उरलेली अडचण कोंबडी आणि अंडे यांच्यासारखी होती. ब्राउझर वाचत नाहीत म्हणून लेखक खुणा करीत नव्हते आणि लेखक खुणा करीत नाहीत म्हणून ब्राउझर वाचत नव्हते. ही कोंडी ज्याच्या हातून फुटेल त्याच्याच सोयीने पुढची व्यवस्था ठरणार हे उघड होते.

एका प्रश्नाची दोन प्रमाणके

२००९ च्या मे महिन्यात दोन घटना घडल्या. समर्थकांनी पुरवलेल्या गरजांचा विचार करून हिक्सन यांनी एचटीएमएलच्या मसुद्यात मायक्रोडेटा नावाची नवी पद्धत समाविष्ट केली. तिच्यात उपसर्गांचा त्रास नव्हता. पानाचा कोणता भाग एका वस्तूचे वर्णन करतो, ती वस्तू कोणत्या प्रकारची आहे आणि तिचा कोणता गुण कोठे लिहिला आहे, एवढेच थोडक्या गुणविशेषांनी सांगता येत होते. शिवाय पानातील अशा वस्तू ब्राउझरकडून मागून घेण्याची व्यवस्थाही त्या मसुद्यात होती. त्याच महिन्यात गूगलने शोधाच्या निकालात काही पानांखाली परीक्षणाचे तारे, किंमत यांसारखा तपशील दाखवण्यास आरंभ केला आणि त्यासाठी मायक्रोफॉरमॅट्स व आरडीएफए या खुणा आपण वाचू असे जाहीर केले. याहूने असाच प्रयोग आदल्या वर्षी केला होता.

आता एकाच कामासाठी दोन प्रमाणके झाली. मनू स्पोर्नी आदी आरडीएफएच्या समर्थकांना हे अनावश्यक दुभंगणे वाटले. बऱ्याच खलानंतर कन्सॉर्शियमच्या कार्यगटाने २०१० मध्ये मायक्रोडेटा एचटीएमएलच्या मुख्य मसुद्यातून वेगळा काढण्याचा निर्णय दिला. व्हॉटडब्ल्यूजीने मात्र तो आपल्या मसुद्यात ठेवला. २०१२ मध्ये आरडीएफएची ‘लाइट’ नावाची सुटसुटीत आवृत्ती मान्य झाली. दोन्ही पद्धती तोपर्यंत एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या होत्या की, एका पद्धतीचे पान दुसरीत बदलणे हे बहुतांशी शब्द बदलण्याचे काम उरले होते.

शोधयंत्रांनी फोडलेली कोंडी

वाद असा चालू असतानाच निर्णय दुसरीकडे झाला. २ जून २०११ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचे बिंग या प्रतिस्पर्धी शोधयंत्रांनी एकत्र येऊन स्कीमा-डॉट-ऑर्ग हा समान शब्दसंच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रशियातील यांडेक्सही त्यांत सामील झाले. पाककृती, चित्रपट, कार्यक्रम, पुस्तक, दुकान अशा शेकडो गोष्टींचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे हे त्यात ठरवून दिले होते आणि आरंभी मायक्रोडेटा वापरण्याचा सल्ला होता. या उपक्रमाच्या मुळाशी रामनाथन गुहा हेच होते. मधल्या काळात ते गूगलमध्ये आले होते. १९९७ मध्ये ज्या विचाराने ब्राउझर कंपनीत मूळ धरले होते तो चौदा वर्षांनी शोधयंत्राच्या घरी फळाला आला. संपूर्ण वादाचा सारांश जणू या एका माणसाच्या प्रवासात सापडतो.

कोंडी एका क्षणात फुटली, कारण आता खुणा करणाऱ्याला मोबदला दिसत होता. ज्याचे पान नीट खुणावलेले असेल त्याची पाककृती छायाचित्रासह आणि लागणाऱ्या वेळासह निकालात उठून दिसणार होती. फेसबुकने २०१० मध्ये आरडीएफएवर आधारलेल्या ओपन ग्राफ या खुणांद्वारे हेच केले होते. संदेशात एखादा दुवा पाठवला की त्याखाली शीर्षक आणि चित्र आपोआप उमटते ते सामान्यतः या खुणांमुळेच. भारतातील कोट्यवधी लोक रोज पाहतात तो हा परिणाम संरचित माहितीचा आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

२०१४ च्या जानेवारीत कन्सॉर्शियमने जेसन-एलडी या पद्धतीची शिफारस केली. तिच्या रचनाकारांत मनू स्पोर्नी हे प्रमुख होते. या पद्धतीत पानातील मजकुराला खुणा जोडाव्या लागत नाहीत; सर्व माहिती एका स्वतंत्र कप्प्यात एकत्र लिहून तो कप्पा पानात ठेवला जातो. लिहिणाऱ्याला आणि यंत्राला हे सोयीचे पडते, म्हणून गूगल आता याच पद्धतीची शिफारस करते. जुन्या दोन पद्धतीही ते वाचते. मात्र हा कप्पा वाचकाला दिसत नाही. न दिसणाऱ्या नोंदीवर विसंबू नये हा विषयशब्दांचा धडा होता. त्याच वाटेने प्रवास होऊन शेवटी न दिसणारी नोंदच विजयी झाली. ती टिकली याचे कारण आता तिच्यामागे पहारेकरी उभा आहे. दिसणारा मजकूर आणि कप्प्यातील माहिती यांत मेळ असावा असा शोधयंत्राचा दंडक आहे, आणि तो मोडणाऱ्याला निकालातील विशेष स्थान गमवावे लागते.

ब्राउझरची माघार

ब्राउझरनी या काळात काहीच केले नाही असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीत, २००९ मध्ये, पानातील खुणावलेला एखादा तुकडा वेगळा काढून त्यातील बदलांवर नजर ठेवण्याची सोय होती. ती पुढे टिकली नाही. ऑपेराने २०११ च्या अखेरीस आणि फायरफॉक्सने २०१२ मध्ये मायक्रोडेटामधील वस्तू मागून घेण्याची व्यवस्था अमलात आणली. परंतु क्रोममध्ये ती सर्वसामान्य वापरासाठी खुली झाली नाही. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे यंत्र सोडून क्रोमच्या कुळातील यंत्र स्वीकारले आणि तिच्यातील सोय गेली. फायरफॉक्सनेही २०१६ मध्ये ती काढून टाकली. जी सोय एकाच ब्राउझरमध्ये उरते तिच्यावर विसंबून कोणी पान लिहीत नाही, आणि जिच्यावर कोणी विसंबत नाही ती ठेवण्याचा खर्च कोणास परवडत नाही.

बातम्यांच्या आरएसएस धाग्यांचीही अशीच कथा आहे. धाग्याची ही पद्धतही १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये, गुहा यांच्याच हातून जन्मली. संकेतस्थळावर नवे काय आले हे वाचकाला परस्पर कळावे यासाठी ती होती. २००४ ते २००६ या काळात फायरफॉक्स, सफारी व इंटरनेट एक्सप्लोरर या तिन्ही ब्राउझरनी ती सोय दिली. फायरफॉक्सने २०११ मध्ये पत्त्याच्या पट्टीतील तिचे चिन्ह काढले आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये उरलेली सोयही बंद केली. धागे आजही अनेक संकेतस्थळांवर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम वापरावा लागतो.

लाभ कोणाचा?

या सर्वांचा जमाखर्च मांडताना जमेची बाजू नाकारता येत नाही. शोधयंत्रांनी मोबदला दिला नसता तर कदाचित फार थोड्या पानांवर अर्थ नोंदवला गेला असता. नोकरी शोधणाऱ्याला निरनिराळ्या ठिकाणच्या जाहिराती एकत्र दिसाव्यात ही सेवा गूगलने २०१८ मध्ये भारतात सुरू केली, तीही या खुणांवरच उभी आहे.

परंतु खर्चाची बाजूही लहान नाही. पानाचा मालक खुणा करतो त्या वाचकासाठी नव्हे, मध्यस्थासाठी. त्यामुळे मध्यस्थाला जे हवे तेवढेच तो लिहितो. त्यातले काय दाखवायचे हेही मध्यस्थच ठरवतो. प्रश्नोत्तरांच्या पानांना मिळणारे विशेष स्थान गूगलने २०२३ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक संकेतस्थळांपुरते मागे घेतले. ते मान्यवर शासकीय व आरोग्यविषयक स्थळांपुरते राखण्यात आले. ज्यांनी त्यासाठी श्रम घेतले होते त्यांच्या खुणा पानात राहिल्या, पण वाचकाला त्यांचा उपयोग उरला नाही, कारण वाचकाचा ब्राउझर त्या वाचतच नव्हता. शिवाय जो अर्थ घरच्या संगणकावर समजू शकला असता त्यासाठी वाचकाला आपला प्रश्न बाहेर पाठवावा लागतो आणि त्याबरोबर त्याच्या आवडीनिवडीची वार्ताही बाहेर जाते.

साधा मजकूर वाचून त्यातील तारीख, स्थळ आणि किंमत ओळखणारे भाषिक कार्यक्रम आता उपलब्ध झाल्याने हा वाद निरर्थक झाला, असेही म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. असा कार्यक्रम ‘५/६’ पाहून अनुमान करतो, आणि अनुमान बहुधा बरोबर आले तरी ते अनुमानच असते. संगीत मंडळाने स्वतः लिहिलेली ५ जून ही तारीख हे विधान असते आणि त्याची जबाबदारी मंडळाची असते. परवाना, औषधाची मात्रा किंवा गाडीची वेळ यांच्या बाबतीत हा फरक शब्दांचा राहत नाही.

हिक्सन यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर द्यायला जो वेळ हवा होता तो मात्र कोणाजवळ नव्हता. संगीतसभेच्या पानावर आज बहुधा न दिसणारा एक कप्पा असतो. त्यात तारीख, वेळ आणि स्थळ निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले असते. ते पान उघडून बसलेला वाचक मात्र ५/६ हे अंक पाहतो, साडेसहा हा शब्द वाचतो आणि आपल्या हाताने दिनदर्शिकेत टिपून घेतो. त्याच्यासमोरच्या यंत्रात ती माहिती आधीच येऊन पोहोचलेली असते.